‘भारी’ म्हणजे कौतुक की टोमणा?

एका बाईंनी विचारलंय. त्या मूळच्या कोलकात्याच्या, नोकरीमुळे पुण्यात राहतात. मराठी समजतं, बऱ्यापैकी बोलताही येतं, पण ऑफिसात कोणी ‘भारी’ म्हटलं की अडखळायला होतं. त्यांच्या प्रेझेंटेशननंतर एक सहकारी म्हणाला, ‘भारी झालं.’ त्याच आठवड्यात त्यांनी चार दिवसांची रजा टाकली, तर शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, ‘तुझं भारी आहे बाई!’ आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, ‘हे काम आपल्याला भारी पडणार.’ कोशात पाहिलं तर ‘जड’ आणि ‘महाग’ एवढंच हाती लागलं. त्यांचा प्रश्न असा, की या शब्दाचे एकूण अर्थ किती, आणि मला जे म्हणाले ते कौतुक होतं की टोमणा?

ताई, आधी तुमच्या तीन वाक्यांचा निकाल लावते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. पहिलं निखळ कौतुक आहे. दुसऱ्यात हेवा आहे, पण मैत्रीतला. मनात काही ठेवून बोललेलं ते वाक्य नाही. तिसऱ्यात कौतुकही नाही आणि टोमणाही नाही. हे काम जड जाईल, निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील, अशी मॅनेजरांना काळजी वाटतेय.

मी परप्रांतातून आलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते आणि हा शब्द प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी घेऊन येतंच. माझा अनुभव सांगते: अर्थांची यादी पाठ करून काही होत नाही. यादीत दहा अर्थ लिहून दिले तरी समोरच्याने ‘भारी’ म्हटल्यावर त्यातला कोणता उचलायचा, हा घोळ राहतोच. तुमची खरी अडचणही तीच आहे. ऐकलं त्या क्षणी अर्थ कसा धरायचा, हे तुम्हाला हवंय. त्यासाठी शब्दाच्या आगेमागे काय आहे ते ऐकायची सवय लागते. बहुतेक वेळा अर्थ तिथेच ठरून गेलेला असतो. थोड्या जागा अशा उरतात जिथे सगळं बोलणाऱ्याच्या आवाजावर आणि तुमच्या-त्याच्या नात्यावर असतं, आणि त्या जागी लिहून दिलेला नियम चालत नाही. तसं जिथे असेल तिथे सांगेनच.

सुरुवात तराजूपासून करू, कारण या शब्दाच्या सगळ्या छटा मला तिथूनच निघालेल्या दिसतात. ‘भार’ म्हणजे वजन. सराफाकडे चांदी अजूनही भारात बोलली जाते, ‘दहा भाराचे पैंजण’ असं जुनी माणसं सर्रास म्हणतात. ज्या पारड्यात भार जास्त, ते पारडं खाली बसतं आणि दुसरं वर जातं. म्हणून ‘भारी’ म्हटलं की मनात नकळत दुसरं पारडंही असतं. ते दुसरं पारडं कोणतं, हे शोधलं की अर्ध्या वाक्यांचा उलगडा होतो.

कापडाचं घ्या. ज्या साडीत जर जास्त, ती हाताला जड आणि खिशालाही जड. तिथून ‘भारी साडी’ म्हणजे उंची, महागाची साडी. लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात जाऊन बसा, गादीवरचा माणूस पहिल्या मिनिटात विचारेल, ‘रोजच्या वापराला हवीय, की भारीतलं दाखवू?’ तुम्ही ‘भारीतलं’ म्हणालात की तो वरच्या फळीवरून पैठण्या आणि शालू काढायला लागतो. इथे दुसऱ्या पारड्यात ‘साधं’ किंवा ‘हलकं’ आहे. या छटेची एक पक्की खूण आहे. ‘भारी’ला ‘-तला’, ‘-चा’ किंवा ‘-पैकी’ लागलं की अर्थ किमतीचा आणि दर्जाचाच. भारीतला मोबाईल, भारीचे बूट, भारीपैकी चादर. इतक्या वर्षांत या खुणेने मला दगा दिल्याचं आठवत नाही. ‘भारी मोबाईल’ म्हटलं तर तो महाग आहे की नुसता आवडलाय हे विचारावं लागेल. ‘भारीतला मोबाईल’ म्हटलं की विचारायचं कारण उरत नाही.

शेतात गेलात तर हाच शब्द वेगळ्या कामाला लागलेला दिसेल. ‘आमची जमीन भारी आहे’ असं एखादा शेतकरी म्हणाला, तर तो बढाई मारतोय असं समजू नका. भारी जमीन म्हणजे काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. मुरमाड, पाणी लगेच सोडून देणारी ती हलकी. कापसाच्या किंवा उसाच्या लागवडीच्या शिफारशीत ‘मध्यम ते भारी जमीन’ असे शब्द छापलेले असतात. आणि भारी म्हणजे नेहमी फायद्याचीच असंही नाही. पाऊस लागून राहिला की भारी जमीन चिकट होते, वाफसा लवकर येत नाही, आत पाऊल घालता येत नाही, तेव्हा हलक्या जमिनीवाला आधी पेरणी उरकतो. भुईमुगासारख्या पिकाला तर भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीनच मानवते. त्या शिवारात ‘भारी’ हा जमिनीचा एक गुणधर्म आहे, तिथे कौतुकाचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला हे रोज लागणार नाही हे खरं, पण एखाद्या सहकाऱ्याच्या गावी गेलात तर उपयोगी पडेल.

आता एक सापळा. तुम्ही कोलकात्याच्या, म्हणजे हिंदी कानावरून गेलेली असणार. हिंदीत ओझं ‘भारी’ असतं. मराठीत ओझ्याला आपण सहसा ‘जड’ म्हणतो. माझ्या एका इंदूरच्या विद्यार्थिनीने स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीत चढताना कंडक्टरला सांगितलं, ‘काका, बॅग भारी आहे, जरा वर ठेवता का?’ कंडक्टरने बॅग उचलली, निरखून पाहिली आणि म्हणाला, ‘आहे की भारी! केवढ्याला घेतली?’ त्याने ती वर ठेवली आणि मग ‘जड आहे पण’ असंही म्हणाला. त्या दोन वाक्यांत आख्खा धडा आहे. बॅग जड, दप्तर जड, जेवण जड, डोळे जड. पुरणपोळी जास्त खाल्ली तर पोट जड. ‘जेवण भारी होतं’ म्हणालात तर यजमानीण खूश होईल, तिला पचनाचा विचार शिवणारही नाही. पावसाचंही तसंच. हिंदी बातम्यांत ‘भारी बारिश’ असते, मराठीत ‘मुसळधार पाऊस’ किंवा ‘अतिवृष्टी’. ‘काल भारी पाऊस झाला’ हे वाक्य मराठीत ऐकलंत तर बोलणारा कोण आहे ते बघा. शहरात चहा-भजी खाऊन आलेला असेल तर त्याला मजा आली. शेतकरी असेल तर पाऊस खूप झाला, आणि तो चांगला की वाईट हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

मग येतं मॅनेजरांचं ‘भारी पडणार’. इथे तराजू सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण एका पारड्यात कोणीतरी आहे आणि दुसऱ्या पारड्यात ‘-ला’ लागलेला माणूस. ‘आपली टीम त्यांना भारी पडली’, ‘धाकटा पैलवान मोठ्याला भारी पडला’, ‘ती सगळ्यांना भारी आहे’. जो भारी तो वरचढ, ज्याला ‘-ला’ लागला तो कमी पडला. आता ‘हे काम आपल्याला भारी पडणार’ याच चौकटीत बसवा. काम एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, आणि काम वरचढ ठरणार. म्हणजे त्रास. त्यामुळे ‘भारी पडणे’ ऐकलं की करणारा कोण ते पाहायचं. माणूस किंवा संघ असेल तर कोणीतरी जिंकतंय. काम, चूक, हट्ट, एखादी वस्तू असेल तर कोणाला तरी भोगावं लागतंय. ‘तो तुला भारी आहे’ असं कोणी म्हणालं तर तिथेही हीच चौकट लावा. तो छान आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तो तुला पुरून उरेल, असं ते सांगणं असतं.

एक माझं मत इथे नोंदवते. ‘रीलचा नाद भारी पडला’ अशा धर्तीचे मथळे आता रोज दिसतात. चूक म्हणणार नाही, पण मला त्यात हिंदीचा वास येतो. मराठीत त्यासाठी ‘महागात पडला’, ‘अंगाशी आला’, ‘भोवला’ असे नेमके शब्द आहेत, आणि कामाबद्दल बोलायचं तर ‘जड जाईल’ आहे. तुम्ही स्वतः बोलताना तेच वापरा. ‘भारी पडणे’ कुरघोडीसाठी राखून ठेवलंत तर तुमच्या बोलण्यात गोंधळ राहणार नाही.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: प्रत्यय लागला की किंमत, ‘-ला’ आणि ‘पडणे’ आलं की कुरघोडी किंवा त्रास, आणि ओझ्याला मराठीत ‘जड’. हा भाग नियमाने सुटतो. यापुढचा भाग नाजूक आहे.

‘भारी’ दुसऱ्या विशेषणाच्या आधी येतं तेव्हा त्याचा अर्थ ‘खूप’. इथे तुमची बांगला तुमच्या मदतीला येईल. तुमच्याकडे ‘भारी शुंदोर’ म्हणतात तसंच आमच्याकडे ‘भारी गोड पोर आहे हो’. आणि तुमच्याकडे एखाद्याला झिडकारताना ‘भारी तो!’ म्हणतात, ती ठसक्याची छटाही मराठीत आहे. ‘भारी शहाणी आहेस’, ‘भारी हौस दिसतेय तुला’, ‘भारी काळजी माझी!’ हे तिन्ही टोमणे आहेत. फरक कसा ओळखायचा? पुढचा शब्द बघा. ‘गोड’, ‘सुंदर’, ‘मायाळू’ असे शब्द आले की प्रेम. ‘शहाणा’ आला की सावध व्हा, कारण तो शब्द मराठीत एकटा असला तरी दुधारी आहे आणि त्याला ‘भारी’ जोडलं की त्याची धार बाहेर येते. ‘हौस’ आणि ‘काळजी’ यांचंही तेच, विशेषतः तोंडावर बोललं तर. ‘भारी हुशार’ मात्र खरोखर दोन्हीकडे जातं. आजी नातवाबद्दल शेजारणीला सांगतेय, ‘भारी हुशार आहे’, तर डोळे पुसण्याइतकं कौतुक. तेच तुम्हाला कोणी मीटिंगमध्ये तुमची चलाखी पकडल्यावर म्हणालं, तर टोमणा. इथे प्रसंगाशिवाय सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही.

या झाल्या शब्दाच्या जुन्या सवयी. ज्याला आपण तरुणांची बोली म्हणतो, ते ‘भारी’ वाक्यात एकटंच उभं राहतं. नुसतं ‘भारी!’ किंवा ‘भारीये!’ किंवा ‘कसलं भारी!’ त्याच्या पुढे शब्द नसतो, मागे ‘-ला’ नसतो, दुसरं पारडं रिकामं असतं. सिनेमा भारी, चहा भारी, तुझा शर्ट भारी, मला आज भारी वाटतंय. अर्थ एवढाच, की आवडलं. भाषा शिकणाऱ्याला हा शब्द इतका हवाहवासा का वाटतो ते मला वर्गात दिसतं. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर’ असं प्रत्येक वेळी बदलावं लागतं. ‘भारी’ला लिंग-वचनाचं काही सोयरसुतक नाही. भारी मुलगा, भारी मुलगी, भारी घर, भारी गाणी. व्याकरणात चुकायला जागाच नाही, म्हणून नवखी माणसं पहिल्या महिन्यातच त्याला जवळ करतात.

पण याच मोकळ्या ‘भारी’चा अर्थ पूर्णपणे आवाजावर चालतो. शेवटचा ‘री’ लांबवून, भुवया उचकवून म्हटलेलं ‘भारीऽऽ’ म्हणजे मनापासून दाद. तुटक, खालच्या पट्टीत, मोबाईलवरून नजर न काढता म्हटलेलं ‘भारी’ म्हणजे ‘बरं, ऐकलं’. ‘भारीच की!’ मध्ये आश्चर्य असतं, तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती असं त्यात थोडं दडलेलं असतं. ‘भारीच आहेस हं तू’ यात कौतुक आणि चिमटा दोन्ही असतात, आणि तसं म्हणणारा माणूस सहसा जवळचाच असतो. ‘एवढं काही भारी नव्हतं’ म्हणजे सरळसरळ निराशा. मराठी माणूस ‘वाईट होतं’ असं पटकन म्हणणार नाही, हे म्हणेल. व्हॉट्सॲपवर आवाज नसतो, म्हणून तिथे माणसं शब्दाची अक्षरं वाढवतात किंवा सोबत बदाम टाकतात. नुसतं कोरडं ‘भारी’ आलं तर फार अर्थ काढत बसू नका. टाइप करणारा कदाचित बसमध्ये लोंबकळत असेल.

‘लई भारी’ तुम्ही ऐकलं असेलच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात ‘खूप’ला ‘लई’ म्हणतात. लिहिताना कोणी ‘लय’ लिहितं, कोणी ‘लै’. एक काळ असा होता की शहरी घरांत मुलाने ‘लई’ म्हटलं तर आई टोकायची, ‘नीट बोल.’ पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीवर केलेला तो अन्याय होता असं मी मानते. आता चित्र बदललंय. २०१४ मध्ये तर ‘लय भारी’ हे शब्द मराठी सिनेमाचं नाव म्हणून राज्यभर पोस्टरवर झळकले. तुम्ही ‘लई भारी’ म्हणावं का? मित्रमंडळींत जरूर म्हणा, समोरचा खूश होतो. फक्त ज्याची ती मायबोली आहे त्याच्यासमोर हेल काढून, नक्कल केल्यासारखं म्हणू नका. तुमच्या मनात नसलं तरी त्याला ते चिडवल्यासारखं लागू शकतं.

आणखी एक काळजी घ्या. मोकळं ‘भारी’ सलगीचं आहे. बरोबरीच्या माणसाला, धाकट्याला, ओळखीच्या ज्येष्ठांनाही चालतं. पण पहिल्यांदा भेटलेल्या वयस्कर गायिकेला मैफलीनंतर ‘भारी गायलात’ म्हणण्यापेक्षा ‘फार सुंदर झालं’ म्हणणं शोभतं. कोणाच्या घरी वाईट घटना घडली असेल तर या शब्दाच्या जवळही जाऊ नका. ‘फार वाईट झालं’ एवढं पुरतं. हिंदीतलं ‘भारी नुकसान’ तिथे जिभेवर येतं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते खुपतं. ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द चालेल का, हे तुमच्या ऑफिसवर आहे. चारजणांच्या टीममध्ये कोणाला काही वाटत नाही. क्लायंटला पाठवायच्या मजकुरात मी तो ठेवणार नाही. आणि हो, ‘आभारी आहे’ मधलं ‘भारी’ हे आपलं ‘भारी’ नव्हे, तो शब्द ‘आभार’पासून आलाय. हल्ली मुलं ‘आ-भारी आहे’ असं तोडून लिहितात ती निव्वळ गंमत आहे, कोणाचे गंभीरपणे आभार मानताना तसं लिहू नका.

आता राहिली तुमची मैत्रीण. ‘तुझं भारी आहे’ हा साचा ओळखून ठेवा: ‘तुझं’, ‘तुमचं’, ‘त्याचं’ आणि मग ‘भारी आहे’, पुढे नाव नाही. कोणती वस्तू भारी, हे सांगितलेलंच नसतं, कारण तुमचं एकूण बरं चाललंय असं म्हणायचं असतं. ‘त्यांचं भारी आहे, ऑफिस घराशेजारी.’ ‘तुमचं भारी आहे, शनिवार-रविवार सुट्टी.’ यात थोडा हेवा, थोडी आपल्या दगदगीची तक्रार असते. टोमणा समजून गप्प बसलात तर ती गोंधळेल, आणि ‘थँक्यू’ म्हणालात तर तिला वाटेल तुम्हाला कळलंच नाही.

आपल्याकडे अशा वेळी समोरच्याच्या मनातला सल थोडा कमी करतात. ‘कसलं भारी! सासूबाई येतायत, चार दिवस स्वयंपाकघरातून बाहेर पडणार नाही.’ हे ‘कसलं भारी’ मघाशी सांगितलेल्या ‘कसलं भारी!’पेक्षा वेगळं आहे, शब्द तेच असले तरी. दाद देताना जोर ‘भारी’वर असतो आणि आवाज वर चढतो. इथे जोर ‘कसलं’वर द्यायचा आणि ‘भारी’ला आवाज खाली सोडायचा, म्हणजे ‘छे, कुठलं काय’ असा अर्थ निघतो. आरशासमोर दोन्ही दोन-चारदा म्हणून बघा, फरक जिभेला कळेल. आणि रजा खरोखर फिरायला टाकली असेल तर सासूबाईंना मध्ये आणायची गरज नाही. ‘हो ना, तूही टाक की एकदा’ म्हणा.